शेजारच्या सीटचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य शेजारच्या सीटवर जातं. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि जीव आपला. मास्तरांनी अशी तीसेक वर्षं काढली होती. त्यांच्या हाताखालून न्हावी गेले, प्राध्यापक गेले, नव्यानं नोकरीला लागलेल्या पोरी गेल्या, नातवंडं मोठी झाल्यावर हौस सुचलेल्या आजीबाई गेल्या. एक वकील होते, ते ब्रेक समजून भलतंच पेडल दाबायचे आणि वर मास्तरांवरच ओरडायचे, "तुमची गाडी ऐकत का नाही?" मास्तर शांतपणे म्हणायचे, "वकीलसाहेब, ती ऐकतेय. तुम्ही तिला काय सांगताय ते जरा बघा."

असा माणूस टिकतो तो एका गोष्टीच्या जोरावर. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक बसवलेला असतो. आतून तो सळईनं चालवणाऱ्याच्या ब्रेकला जोडलेला असतो. मास्तरांनी इकडे पाय दाबला की तिकडचं पेडलही आपोआप खाली जातं आणि गाडी थांबते. मास्तर तोंडानं हवापाण्याच्या गप्पा मारायचे, नजर रस्त्यावर असायची, आणि पाय आपला त्या पेडलवर मांजरासारखा दबा धरून बसलेला असायचा. घरीसुद्धा त्याला विसावा नव्हता. बायकोनं एखादं भांडं ओट्याच्या अगदी कडेला ठेवलं की टेबलाखाली मास्तरांचा पाय गपकन दाबला जायचा. बायको म्हणायची, "अहो, पातेलं आहे ते. ट्रक नाही."

मास्तरांना एकच मुलगी. जन्मली तेव्हा नाक एवढंसं, गोल, म्हणून सगळे तिला बटण म्हणायला लागले, आणि ती वीस वर्षांची झाली तरी बटणच म्हणत राहिले. उंचीनंही ती फारशी वाढली नव्हती. मागून पाहिलं तर शाळकरी पोरगी वाटावी. बाकी सगळ्या गोष्टींना जे कारण होतं तेच ह्यालाही होतं.

बटण पाच वर्षांची असताना सकाळी उठल्या उठल्या ओकायला लागली. चालताना भिंत धरायची. आधी वाटलं पोट बिघडलंय, मग वाटलं शाळेला जायची टाळाटाळ. शेवटी मोठ्या दवाखान्यात फोटो काढले तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, गाठ निघाली. वाईट जातीची होती. ऑपरेशन करून काढली, पण डॉक्टर म्हणाले की एवढ्यानं भागणार नाही, ती परत येऊ नये म्हणून सगळ्या डोक्याला आणि पाठीच्या कण्याला किरणं द्यावी लागतील.

त्या डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, "इतक्या लहान मेंदूला किरणं दिली की त्याचे परिणाम नंतर दिसतात. लगेच नाही. दोन वर्षांनी, चार वर्षांनी. शिकण्याचा वेग, लक्ष, उंची, सगळ्यावर. पण दिली नाहीत तर..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि कुणी करायलाही लावलं नाही.

बटणची आई म्हणाली, "डॉक्टर, ती वर्गात पहिली नाही आली तरी चालेल. ढ निघाली तरी चालेल. जगू दे."

मग सहा आठवडे ते रोज जात राहिले. जाळीचा एक प्लास्टिकचा मुखवटा गरम पाण्यात मऊ करून तिच्या तोंडावर बसवला होता, तो गार झाल्यावर कडक झाला. डोकं तसूभर हलू नये म्हणून मुखवटा रोज टेबलाला पक्का करायचे. मशीन चालू झालं की आत कुणी थांबायचं नाही. एवढंसं पोर त्या मोठ्या खोलीत एकटं, आणि आई-बाप बाहेरच्या पडद्याकडे बघत उभे. बटण रडायची नाही. बाहेर आली की गालावर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे, आणि ती विचारायची, "मी हलले का?" मास्तर म्हणायचे, "जराही नाही." त्यांना तेव्हा फार अभिमान वाटायचा.

गाठ गेली ती गेलीच. परत आली नाही. जिवावरचं शेपटावर निभावलं असं जो तो म्हणाला. शेपूट केवढं लांब असतं ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिली दोन वर्षं बरी गेली. केस आले, पातळ का होईना. मग हळूहळू काहीतरी होऊ लागलं, आणि ते इतकं सावकाश होत होतं की कुठून सुरू झालं ते बोट ठेवून सांगता येऊ नये. बटण विसरत नव्हती. जे येत होतं ते तिला अजून येत होतं. पण वर्गातली बाकीची पोरं पळायला लागली आणि ही चालतच राहिली. फळ्यावरचं लिहून होईपर्यंत फळा पुसलेला असायचा. प्रश्नाचं उत्तर तिला यायचं, पण ते यायचं तेव्हा बाई पुढच्या बाकावर पोचलेल्या असायच्या.

दर वर्षी तपासणीला गेले की डॉक्टर समजावून सांगायचे. "मेंदूत तारांचं जाळं असतं असं समजा. मूल वाढतं तसं त्या तारांवर एक वेष्टण चढत जातं, त्यामुळे निरोप झपाट्यानं पोचायला लागतो. किरणांनी ते चढणं मंदावतं. निरोप पोचतो, पण उशिरा पोचतो. हिच्याकडून काही हिरावून घेतलंय असं नाही. बाकीच्यांचं वाढतंय तसं हिचं वाढत नाही. त्यामुळे अंतर दर वर्षी जास्त दिसणार."

घरानं त्यावर आपापल्या परीनं उपाय शोधले. अभ्यास आई करून द्यायची, बटण तो सुंदर अक्षरात उतरवून काढायची. पाहुण्यांनी काही विचारलं की वाक्य बटण सुरू करायची आणि आई संपवायची. आणि एक हसण्याचं होतं. घरात कुणी विनोद केला की सगळे हसून गप्प व्हायचे, कुणी पाणी प्यायला उठायचं, आणि मग बटण हसायची. एकटीच. पहिल्यांदा असं झालं तेव्हा सगळे तिच्याकडे बघत राहिले होते. त्यानंतर तिची आई न चुकता तिच्याबरोबर दुसऱ्यांदा हसू लागली.

शाळा अशीतशी संपली. मैत्रिणी एकेक करून लांब गेल्या, भांडण न करता, नुसत्या कामात गुंतत गेल्या. एका कापडाच्या दुकानात बटणला ठेवलं होतं. मालक भला होता, पण आठवडाभरात त्यानं मास्तरांना बाजूला घेतलं आणि म्हणाला, "पोरगी गोड आहे हो. पण गिऱ्हाईक थांबत नाही." अशा दोन-तीन जागा झाल्या. मग ती घरीच राहू लागली. दुपारी खिडकीत बसून खालच्या रस्त्यावरच्या गाड्या बघायची आणि कुठली गाडी आपल्या बाबांकडे शिकलेलं माणूस चालवतंय ते ओळखायची. बऱ्याचदा बरोबर ओळखायची.

आणि मग आत्यानं ती गोष्ट काढली.

आत्या म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. तिचं औषधांचं दुकान होतं आणि तोंड त्या दुकानातल्या कुठल्याही औषधापेक्षा कडू होतं. एके संध्याकाळी येऊन बसली आणि म्हणाली, "दादा, मला एक माणूस हवंय. म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरपोच औषधं द्यायला. घरं ठरलेली, रस्ते ठरलेले, पाकिटं मी बांधून देणार. नुसती गाडी चालवायची आणि दारात जाऊन चार शब्द गोड बोलायचं. गोड बोलणं मला काही जमत नाही."

"ते सगळ्या गावाला माहीत आहे," मास्तर म्हणाले.

"गप रे. मी बटणबद्दल बोलतेय. एवढी गाढवं शिकवलीस, पोटच्या पोरीला शिकवायला काय होतं? लायसन्स काढ म्हणावं आणि ये. वर्षभर मी दुसऱ्या कुणाला ठेवत नाही."

बटण दारात उभी राहून ऐकत होती. आत्याचं बोलून झालं, चहा झाला, आत्या चपला घालू लागली, तेव्हा बटणचा चेहरा उजळला. "मी करीन," ती म्हणाली. "आत्या, मी करीन."

दुसऱ्या दिवसापासून ती आरशासमोर सराव करू लागली. "आजी, औषध आणलंय. जेवणानंतर घ्या हं." गाडीचा पत्ता नाही अजून, पण दारातलं बोलणं पाठ झालं होतं.

मास्तरांनी तिला शिकवायला घेतलं. पहिले काही महिने नुसतं मैदानात. इतरांना जे आठवड्यात यायचं ते हिला येईपर्यंत ऋतू बदलायचा. पण मास्तरांचा धीर दांडगा. आणि खरोखरच ती सुधारू लागली. स्टिअरिंग नीट धरायची, आरशात बघायची, वळताना इशारा द्यायची, कधीच विसरायची नाही. मैदानातून गल्लीत, गल्लीतून मोठ्या रस्त्यावर. चौक आला की गाडी कशी अलगद थांबायची! मास्तर जो भेटेल त्याला सांगायचे, "आमची बटण चालवते बरं का. सरळ बाजारातून चालवते." बायकोसमोर तर एकदा त्यांचे डोळेच भरून आले. ते म्हणाले, "डॉक्टर काही म्हणोत. निरोप पोचतोय."

परीक्षा आठवड्यावर आली होती. परीक्षेत शेजारी मास्तर नसतात, परीक्षक बसतो, आणि त्याला पाय लावायची वेळ आली तर पोर नापास. मास्तरांना त्याची काळजी नव्हती.

त्यांच्या हाताखाली आणखी एक जण गाडी शिकवायचा. काडीसारखा बारीक, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणायचे. त्या दिवशी त्याची गाडी गॅरेजला होती, म्हणून तो बटणच्या शिकवणीला मागच्या सीटवर बसला. बाजार झाला, पूल झाला, शाळेचा चौक झाला. बटणला घरी सोडलं. पैलवान पुढे येऊन बसला नाही. मागूनच म्हणाला, "मास्तर, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"तू विचारतोयस म्हणजे रागावण्यासारखंच असणार. विचार."

"गाडी कोण चालवत होतं?"

"तुझे आजोबा. अरे, बटण चालवत होती, आणखी कोण?"

"चालवत होती ती. थांबवत कोण होतं?"

मास्तरांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"मी मधोमध बसलो होतो," पैलवान म्हणाला. "मला दोघांचे पाय दिसत होते. चौक यायच्या आधीच तुमचा पाय खाली जातो. तिचा पाय पेडलवर असतो, पण नुसता ठेवलेला. तुम्ही दाबता, पेडल खाली जातं आणि त्याच्याबरोबर तिचा पाय."

"मला शिकवतोस? तीस वर्षं मी हा पाय वापरतोय. मला कळणार नाही?"

"नाही कळत, मास्तर. पापणी लवते ते कळतं का आपल्याला? दुसऱ्या पोरांच्या वेळी तुम्ही थांबता. चूक होऊ देता, मग दाबता. ते मी बघितलंय, तुमच्याकडूनच शिकलोय. हिच्या वेळी तुम्ही थांबतच नाही."

"उतर," मास्तर म्हणाले.

पैलवान उतरला. दार लावताना म्हणाला, "पाय वर घेऊन बसा एकदा. माझं खोटं निघालं तर मला मैदानात उभं करून चाबकानं मारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बटणला घेऊन मैदानात गेले. पैलवानही आला, कारण रागावले तरी मास्तरांनीच त्याला फोन केला होता. मैदानाच्या टोकाला तो हातात लाल फडकं घेऊन उभा राहिला. फडकं वर झालं की थांबायचं, एवढंच. मास्तर शेजारी बसले आणि त्यांनी दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली. गुडघे कडकडले.

"बाबा, असे का बसलात?"

"पाय दुखतायत. चल, घे गाडी."

बटणनं गाडी घेतली. सुरेख घेतली. समोर मैदान मोकळं, ऊन कोवळं. पैलवान जवळ येऊ लागला. त्यानं फडकं वर केलं.

"थांबायचं," बटण मोठ्यानं म्हणाली.

गाडी चालतच राहिली. मास्तरांनी तिच्या पायाकडे पाहिलं. पाय ब्रेकवर होता. अगदी बरोबर जागी, जसा त्यांनी ठेवायला शिकवला होता तसा, टाच खाली टेकवून. नुसता ठेवलेला. फडकं मोठं मोठं होत गेलं, मग पैलवानाचं तोंड दिसलं, ते उघडं होतं, आणि मग तो बाजूला उडी मारून पडला. मास्तरांनी हँडब्रेक ओढला. गाडी आचके देत बंद पडली.

पैलवान पँट झटकत उठला. "माझं लग्न व्हायचंय अजून, बाई," असं म्हणत हसत हसत खिडकीपाशी आला, आणि मास्तरांचा चेहरा बघून त्यानं फडकं घडी करून खिशात घातलं.

बटण पुढेच बघत होती. जरा वेळानं ती म्हणाली, "बाबा, ब्रेक बिघडलाय."

"कशावरून?"

"पेडल खाली गेलंच नाही. रोज जातं."

"तू दाबलंस?"

तिनं विचार केला. तिचा विचार चाललेला दिसायचा, कपाळावर दोन बारीक आठ्या पडायच्या. "पाय ठेवला होता की," ती म्हणाली. "रोज ठेवला की जातं."

मास्तर म्हणाले, "हो. बिघडला असेल. दाखवू गॅरेजला."

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही आणि सकाळी बायकोला सगळं सांगितल्यावर तिलाही जेवण गेलं नाही. दुपारी ते एकटेच डॉक्टरांकडे गेले. बटणवर उपचार करणारे डॉक्टर आता पिकले होते, निवृत्तीला आले होते. त्यांनी मास्तरांचं सगळं ऐकून घेतलं.

"मला एवढंच सांगा," मास्तर म्हणाले. "मी मध्ये पाय घातला नसता, तर ती शिकली असती का?"

"थोडंफार कदाचित. पण रस्त्यावर एकटीनं जाण्याइतकं, नाही वाटत."

"कदाचित म्हणजे?"

"म्हणजे मला सांगता येत नाही. किरणांनी किती झालं आणि सवयीनं किती झालं, हे वेगळं करून दाखवणारं मशीन माझ्याकडे नाही."

"आता तरी थांबेल का हे? की अजून वाढेल?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अंतर वाढत राहील. आणि तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. वय वाढेल तसं काहींच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना त्रास होतो. आज जे येतंय त्यातलंही काही जाऊ शकतं. सगळ्यांचं नाही होत. लक्ष ठेवू."

"आणि किरणं दिलीच नसती तर?"

"तर ती पाच वर्षांचीच राहिली असती."

मास्तर उठून बाहेर आले. कुणाची चूक निघाली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण ज्यानं वाचवलं त्यानंच हे केलं होतं, सांगून केलं होतं, आणि परत तीच वेळ आली असती तरी मास्तरांनी किरणांच्या कागदावर तिथंच सही केली असती. उरला तो स्वतःचा पाय. त्याच्याशी काय भांडणार?

घरी बायको दारातच उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "तिला सांगू नका."

"परीक्षा तोंडावर आलीय."

"गाडी बिघडली म्हणा. परीक्षा पुढे गेली म्हणा."

"किती वेळा म्हणू?"

"म्हणत राहा. अहो, मी तिच्याबरोबर दुसऱ्यांदा हसते, वर्षानुवर्षं हसतेय. मला काय दर वेळी हसू येतं? तुम्हाला एक गाडी बिघडवता येत नाही?"

मास्तरांनी चार-पाच दिवस तेही करून बघितलं. परीक्षेचा दिवस टाळला. रोज पहाटे तिला मैदानात न्यायचे, मांडी घालून बसायचे आणि पहिल्यापासून शिकवायचे. "पाय ठेवायचा नाही, दाबायचा. दाब." ती दाबायची. पण ते म्हणाले की दाबायची. त्यांनी तोंड मिटलं की तिचा पाय पेडलवर जाऊन बसायचा आणि वाट बघायचा. कधी स्वतःहून दाबायचाही, पण तोवर गाडी खुणेच्या पुढे निघून गेलेली असायची. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं तर घडा पालथा नव्हता. त्याचं तोंडच इतकं बारीक झालं होतं की ओतलेलं बाहेर सांडायचं. एके दिवशी तिनंच विचारलं, "बाबा, गॅरेजवाल्यानं काय सांगितलं? अजून तसंच आहे."

मैदानाच्या कडेला एक बुटकी भिंत होती. तिथं बसवून मास्तरांनी तिला सांगितलं. त्याआधी गाडीतच शेजारचा ब्रेक दाखवला, सळई दाखवली, मग हातानं दाबून तिकडचं पेडल कसं खाली जातं ते दाखवलं. बाकी सगळ्या शिकाऊ पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगायचे ते. हिला कधी सांगितलंच नव्हतं. घाबरेल म्हणून.

बटण ऐकत होती. मास्तरांना तिच्या उशिराची सवय होती, तरी हा उशीर त्यांना सोसवेना.

"म्हणजे मी कधी थांबवलीच नाही," ती म्हणाली.

"नाही."

"बाजारात पण नाही?"

"नाही, बाळा."

"आणि शाळेत? ते आई करायची, ते मला माहीत आहे. आणि आई परत हसते ते पण कळतं मला. ती तोंडानंच हसते." तिनं गाडीकडे पाहिलं. "हे नाही कळलं. पेडल पायाखालून जायचं ना, मला वाटायचं माझाच पाय आहे."

मग तिनंच विचारलं, "आत्याला सांगितलं?"

आत्याला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. आत्या फोनवर पहिल्यांदाच कडू बोलली नाही, आणि त्यावरूनच मास्तरांनी ओळखलं की आता काही उरलं नाही. "पुढच्या महिन्यापासून शेजारच्या मुलाला बोलावते," ती म्हणाली. "मी थांबले असते रे दादा. पण कशासाठी थांबू, तूच सांग."

"दुकानात बसव तिला."

"पाकिटं बदलली एखाद्याची तर? औषधं आहेत ती, बांगड्या नाहीत." आणि मग तिचा आवाज फुटला. "तिला रविवारी जेवायला पाठव. मला तोंड दाखवायला लाज वाटते, तरी पाठव."

आरशासमोरचा सराव थांबला. बटण रडली नाही, रुसली नाही, जेवणखाण नेहमीसारखं केलं. फक्त खिडकीत बसायची बंद झाली. आईनं चार वेळा बोलावलं, "ये गं, बघ कोण चालवतंय ती निळी गाडी," तर आतूनच म्हणाली, "कोण चालवतंय ते कसं कळणार?"

आठेक दिवसांनी ती मास्तरांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "बाबा, उद्या जाऊ ना? लायसन्स नको. नुसतं आपलं जाऊन येऊ. तुम्ही पाय ठेवा, पूर्वीसारखा. मला चालतं."

मास्तरांना तेवढ्यानंही बरं वाटलं. दुधाची तहान ताकावर तर ताकावर. पूर्वीसारखं, ती म्हणाली होती.

सकाळी दोघं निघाले. बटणनं आरसा नीट केला, पट्टा लावला, इशारा देऊन गाडी रस्त्यावर घेतली. मास्तर शेजारी बसले, पाय त्याच्या जागेवर. गल्ली संपली. मोठा रस्ता लागला. मास्तर म्हणाले, "आज गर्दी कमी आहे, नाही?" उत्तर आलं नाही. त्यांनी पाहिलं तर बटण रस्त्याकडे बघतच नव्हती. तिची मान खाली वळली होती, ती त्यांच्या बुटाकडे बघत होती. बूट हलतो कधी, आणि मग आपल्या पायाखाली काय होतं, ते ती नीट, मन लावून बघत होती. आयुष्यात इतकं मन लावून तिनं कुठलाच धडा बघितला नव्हता.

"बटण, समोर बघ."

तिचं बोलणं यायला नेहमीसारखाच वेळ लागला. पुढे पुलाचा चढ सुरू झाला होता.

"समोर तुम्ही बघताच की," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. जे आहे ते ती सांगत होती. आणि मग तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले, मुखवट्याखाली ठेवायची तसे, अजिबात न हलवता. मास्तरांनी एका हातानं स्टिअरिंग धरलं, पाय दाबला, गिअर काढला, गाडी कडेला घेतली. पेडल खाली गेलं आणि त्याच्याबरोबर तिचा पाय गेला. ते दोघांनीही पाहिलं.

बटणनं पट्टा काढला. दार उघडण्यापूर्वी मागून काही येत नाही ना ते आरशात पाहिलं, जसं शिकवलं होतं तसं. मग उतरली, मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसली, आणि म्हणाली, "चला."

मास्तर बसूनच राहिले. शेजारची चालवणाऱ्याची सीट रिकामी होती आणि इंजिन चालू होतं. मागच्या गाड्या भोंगे वाजवत बाजूनं निघून जात होत्या. त्यातल्या एका गाडीत त्यांच्याकडेच शिकलेल्या कुणीतरी त्यांना ओळखून हात केला, आणि मास्तरांनीही हात वर केला.